झाडांनाही जंतुसंसर्ग होतो

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्ये शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



आजचा विषय मला कमिटीने दिला नाही, तो मी मागून घेतला. कारण तुम्हाला ठाऊक आहेच. पूर्वेकडच्या कंपाउंडलगतची सात कागदी लिंबाची झाडं काढून टाकावीत, असा ठराव येत्या वार्षिक सभेपुढे आहे. झाडांवर खरबरीत डाग पडलेत, फळं खवलेदार झालीत, आणि हा रोग आपल्या कुंड्यांत शिरेल, अशी भीती काही सभासदांनी व्यक्त केली आहे. भीती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण मत देण्याआधी रोग काय आहे, तो कसा पसरतो, त्यावर काय करता येतं, हे समजून घेतलं तर बरं. निवृत्तीनंतरची पंधरा वर्षं मी गच्चीवरच्या आणि आवारातल्या झाडांत काढली आहेत. मी कृषी पदवीधर नाही. वाचून, विचारून आणि हाताने करून जे पक्कं कळलं, तेवढंच सांगतो.

रोग कोणाचा, हे आधी ओळखा

झाड आजारी दिसलं की आपण सरसकट म्हणतो, "कीड लागली." आणि दुकानातून एक औषध आणून मारतो. डॉक्टरने सर्दीला आणि टायफॉइडला एकच गोळी दिली तर चालेल का? झाडाचंही तसंच आहे. बुरशी, विषाणू, जिवाणू, किडे आणि खतपाण्याची कमतरता, या पाच कारणांनी बहुतेक झाडं बिघडतात. प्रत्येकाची खूण वेगळी असते.

बुरशीचा डाग बहुधा गोल, कोरडा, कधी त्यात एकात एक वलयं दिसतात. भुरी असेल तर पानावर पिठासारखी पांढरी पूड दिसते. विषाणू असेल तर पान चुरगळतं, आखडतं, हिरव्या-पिवळ्या ठिगळांचं दिसतं. मिरचीचा चुरडा-मुरडा आपण सगळ्यांनी पाहिलाय. खताची कमतरता असेल तर बहुधा ठिपक्यांऐवजी पिवळेपणा येतो.

जिवाणूचा डाग मात्र सुरुवातीला पाण्यात भिजल्यासारखा, तेलकट दिसतो. पान उजेडासमोर धरलं तर तो भाग अर्धवट पारदर्शक वाटतो. पुष्कळ झाडांत डागाला कोपरे असतात, कारण जिवाणू पानाच्या शिरांपाशी अडतो. भोवती पिवळी किनार असते. खोड किंवा देठ सडलं तर ते बुळबुळीत होतं आणि त्याला घाण वास येतो. तेलकट डाग, पिवळी किनार, कोपरे आणि वास, या चार खुणा लक्षात ठेवा.

झाडांना जिवाणूमुळे रोग होतो हे जगाला तसं उशिराच कळलं. अमेरिकेत इलिनॉय इथे बरिल नावाच्या प्राध्यापकांनी १८७८ मध्ये नासपतीच्या झाडाच्या करप्यामागे जिवाणू असल्याचं सांगितलं. आपल्याकडे या विषयाचा पाया पुण्याच्या कृषी महाविद्यालयात घातला गेला. प्रा. एम. के. पटेल आणि त्यांचे सहकारी कुलकर्णी, भिडे, धांडे यांनी तिथे कितीतरी भारतीय झाडांवरचे जिवाणूजन्य रोग शोधून नोंदवले. आपल्या राज्यात झालेलं हे काम आपल्यालाच फारसं माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगितलं.

जिवाणू आत शिरतो कसा?

इथे सगळी गोम आहे. बुरशीला पानाचं कातडं फोडून आत शिरता येतं. जिवाणूला ते जमत नाही. त्याला उघडं दार लागतं. एक दार म्हणजे पानावरची श्वास घेण्याची बारीक छिद्रं, आणि दुसरं म्हणजे जखम. जखम कात्रीची असेल, अळीची असेल, वाऱ्याने काटा घासल्याची असेल. आणि दारापर्यंत पोचायला त्याला पाणी लागतं. म्हणून पावसाचे शिंतोडे, झारीने पानांवर ओतलेलं पाणी, ओल्या झाडात घातलेले हात आणि न पुसलेली कात्री, ही त्याची वाहनं. यातली तीन आपल्या हातात आहेत. पाऊस तेवढा आपल्या हातात नाही.

आपल्या आवारात आणि बाल्कनीत दिसणारे रोग

पहिला टोमॅटो-वांग्याचा मर रोग. जिवाणूचं नाव राल्स्टोनिया. कालपर्यंत छान असलेलं रोप आज दुपारी मान टाकतं, पानं हिरवीच असतात. सुरुवातीला संध्याकाळी थोडं सावरतं, पण दोन-चार दिवसांत संपतं. याची परीक्षा सोपी आहे, मुलांना दाखवण्यासारखी. बुंध्याजवळचा दोन-तीन इंच तुकडा स्वच्छ कापा आणि काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात त्याचं टोक बुडवून धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी तार खाली उतरताना दिसली, तर तो जिवाणूचा मर. बुरशीच्या मरमध्ये अशी तार दिसत नाही, आणि त्यात खालची पानं आधी पिवळी पडत जातात.

या रोगावर औषध नाही. स्पष्ट सांगतो, दुकानदार काहीही देवो. रोप मुळासकट, भोवतालच्या मातीसकट काढायचं. हा जिवाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतो. त्या कुंडीत पुन्हा टोमॅटो, वांगं, मिरची, बटाटा लावू नका, आलंही नको. कांद्याची पात, लसणीची पात किंवा मका चालेल. माती वापरायचीच असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात पातळ पसरून, थोडी ओली करून, पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवावी.

दुसरा कोबी-फ्लॉवरचा घाण्या रोग. पानाच्या कडेपासून आत इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचा पिवळा डाग आणि काळ्या पडलेल्या शिरा. हा बहुधा बियाण्यातून येतो. ५० अंश सेल्सियस पाण्यात अर्धा तास बी बुडवून, गार करून, सुकवून पेरण्याची पद्धत आहे. पण तापमान थर्मामीटरने सांभाळावं लागतं, जास्त झालं तर बी मरतं. घरी जमत नसेल तर सरळ खात्रीचं, पाकीटबंद बी घ्या.

तिसरी मऊ कूज. डिफेनबॅकिया, कोरफड, ऑर्किड. बुंधा बुळबुळीत, वास घाणेरडा. बहुतेक वेळा जास्त पाणी आणि न निचरणारी कुंडी हेच कारण. वरचा भाग टणक असेल तर स्वच्छ सुरीने कुजलेल्याच्या बराच वर कापा, कापलेली बाजू सावलीत कोरडी होऊ द्या, आणि नव्या भुसभुशीत मिश्रणात लावा. डिफेनबॅकियाचा चीक त्रासदायक असतो, हातमोजे घाला, मुलांना लांब ठेवा.

चौथी गुलाबाच्या बुंध्याची गाठ. मातीलगत खडबडीत, कठीण आवळू असतं. ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा जिवाणू झाडाच्या पेशीत स्वतःचा जनुकांचा तुकडा घुसवतो आणि पेशी बेसुमार वाढतात. शास्त्रज्ञांनी हीच युक्ती उचलून झाडांत हवे ते जनुक घालण्यासाठी हा जिवाणू वापरला. आपल्या दृष्टीने महत्त्वाचं इतकंच, की गाठेला औषध नाही. नर्सरीतून रोप घेताना बुंधा बोटाने माती बाजूला करून बघा. गाठ दिसली तर फुलं कितीही सुंदर असोत, घेऊ नका.

नागवेलीवरही जिवाणूचे तेलकट, कोनदार, पिवळ्या किनारीचे डाग येतात. ए विंगच्या तळमजल्यावरची वेल नीट पाहा. वेल पानांवरून धुणं बंद केलं आणि डागाळलेली पानं कोरड्या दिवशी खुडली, तर पुष्कळ फरक पडतो.

आता आपल्या लिंबाविषयी

आपल्या सातही झाडांना आहे तो खैऱ्या रोग. इंग्रजीत कँकर. पानाच्या दोन्ही बाजूंना उठलेले, बुचासारखे खरबरीत तपकिरी फोड, भोवती पिवळं वलय. तसेच फोड फांद्यांवर आणि फळावर. कारण झॅन्थोमोनास नावाचा जिवाणू. डाळिंबावर जो 'तेल्या' येतो, ज्याने सोलापूर-सांगली-नाशिककडच्या बागाईतदारांचं कंबरडं मोडलं, तोही याच कुळातला. पण जात वेगळी, तेल्या लिंबावर येत नाही आणि खैऱ्या डाळिंबावर जात नाही.

हे नीट ऐका, कारण ठरावाचा मुद्दा इथेच आहे. खैऱ्या फक्त लिंबाच्या कुळातल्या झाडांवर येतो. लिंबू, ईडलिंबू, पपनस, मोसंबी, संत्रं. तुमच्या तुळशीला, जास्वंदीला, गुलाबाला, टोमॅटोला त्याच्यापासून धोका नाही. माणसाला तर नाहीच. डाग असलेल्या लिंबाचं सरबत करा, लोणचं घाला, काही होत नाही. बाजारात भाव कमी येतो, एवढंच. आणि आपण काही लिंबं विकत नाही.

मग तोडायची की ठेवायची? या प्रश्नाचा एक मोठा अनुभव जगापुढे आहे. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात १९९५ पासून खैऱ्या संपवण्याची सरकारी मोहीम चालली. रोगी झाडापासून १,९०० फुटांच्या आतलं लिंबाच्या कुळातलं प्रत्येक झाड तोडायचं, असा पुढे नियम झाला. बागाईतदारांचीच नव्हे, तर लोकांच्या परसातली चांगली झाडंही गेली. लोक कोर्टात गेले. आणि २००४-०५ च्या चक्रीवादळांनी पावसाबरोबर रोग इतका दूर नेला, की २००६ च्या जानेवारीत मोहीम सोडून द्यावी लागली. जिथे रोग नवा होता तिथे तोडणं हा निदान समजण्यासारखा उपाय होता. आपल्याकडे हा रोग फार जुना आहे. सात झाडं तोडली तरी रस्त्यापलीकडच्या बंगल्यात, मागच्या सोसायटीत, मंडईत येणाऱ्या लिंबांवर तो राहणारच. उद्या तिथे नवं लिंबू लावलंत, तर त्यालाही होणार. तोडून रोग जाणार नाही, सावली मात्र जाईल.

मग करायचं काय?

एक: छाटणी. मे महिन्यात, कोरड्या हवेत, फोड असलेल्या फांद्या काढायच्या. पावसात कधीही छाटणी करायची नाही. प्रत्येक झाडानंतर कात्री स्पिरिटने पुसायची, किंवा एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात बुडवायची. सॅनिटायझर कोविडपासून घराघरात पडून आहे, तोही चालतो.

दोन: अळी. कोवळ्या पानांवर नागमोडी चंदेरी रेघा दिसतात ना, ती पान पोखरणारी अळी. ती पानाला जखम करते आणि जिवाणूला दार मोकळं होतं. नवी पालवी फुटताना कडूनिंबाच्या तेलाची फवारणी, एक लिटर पाण्याला ५ मिलि तेल आणि थोडा पातळ साबण. हे तेल जिवाणू मारत नाही, अळीला आवरतं.

तीन: ताम्रयुक्त औषध. जुनं आणि भरवशाचं म्हणजे बोर्डो मिश्रण. फ्रान्समध्ये बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षं चोरांनी खाऊ नयेत म्हणून बागाईतदार वेलींवर मोरचूद-चुना मारत. त्या वेली रोगापासून वाचतात, हे मियार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं आणि १८८५ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. एक टक्का मिश्रणासाठी दहा लिटर पाण्याला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना. प्लॅस्टिकच्या दोन बादल्यांत पाच-पाच लिटर पाण्यात वेगवेगळं विरघळवायचं, चुना गार करून गाळायचा, मग दोन्ही एकदम तिसऱ्या बादलीत ओतत ढवळायचं. लोखंडी खिळा त्यात थोडा वेळ बुडवून पाहा. खिळ्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला, नाहीतर पानं भाजतील. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. इतका खटाटोप नको असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराईडची पावडर एक लिटर पाण्याला ३ ग्रॅम. छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावायची. १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना, एक लिटर पाणी.

पण एक समजून घ्या. तांबं पानाच्या बाहेर पहारा देतं. झालेला फोड ते बरा करत नाही. नवं पान आलं की त्यावर पुन्हा पहारेकरी बसवावा लागतो. म्हणून पहिली फवारणी पावसाआधी, आणि पुढे पावसाने उघडीप दिली की, नवी पालवी बघून. आणि वाट्टेल तेवढी नाही. तांबं मातीत साठत जातं, आणि माशांना ते घातक आहे. बी विंगसमोरच्या कमळाच्या टाकीवर फवारणीच्या दिवशी कापड घालायचं. मास्क, हातमोजे, वारा नसलेली सकाळ, आणि मुलं खाली खेळायला यायच्या आत काम पुरं. पाकिटावर लिहिलेले दिवस जाईपर्यंत फळं काढायची नाहीत.

चार: काठीने झोडपून लिंबं पाडणं बंद. त्याने फांद्यांना शेकडो जखमा होतात. वाकडी कात्री बांधलेली काठी आणू, त्याने देठ कापून काढू.

अँटिबायोटिकविषयी दोन शब्द

आपल्या माळीदादांना कोणीतरी सुचवलं, की स्ट्रेप्टोमायसीन-टेट्रासायक्लीनची पुडी मारा, खैऱ्या थांबतो. पुस्तकातही वर्षानुवर्षं ती शिफारस होती, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नाही. हल्ली तर घरातल्या उरलेल्या कॅप्सूल फोडून कुंडीत घालणारे लोकही आहेत. माझा याला ठाम विरोध आहे.

स्ट्रेप्टोमायसीन हे क्षयरोगावरचं पहिलं परिणामकारक औषध. त्याच्या शोधासाठी वाक्समन यांना १९५२ चं नोबेल मिळालं. माझ्या पिढीतल्या कितीतरी घरांनी त्याआधीचा आणि त्यानंतरचा क्षय पाहिलाय. असं औषध उघड्या आवारात पानांवर उडवलं, की मातीतल्या असंख्य जिवाणूंची त्याच्याशी ओळख होते, आणि काही त्याला दाद न देणारे निपजतात. हा गुण जिवाणू एकमेकांना देऊ शकतात. म्हणूनच केंद्रीय कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये या दोन औषधांचा शेतीतला वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला. आपल्या सोसायटीत ऐंशीच्या पुढचे बरेच सभासद आहेत, तान्ही बाळंही आहेत. त्यांना उद्या न्यूमोनिया झाला तर औषध लागू पडायला हवं. सात लिंबांसाठी तो धोका घ्यायचं कारण नाही. उरलेल्या कॅप्सूलही कुंडीत नकोत.

खतखड्डा आणि आपण सगळे

एक शेवटचा मुद्दा, जो मला लिंबापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. गेल्या दोन पावसाळ्यांत सी विंगमधल्या चार गच्च्यांवर टोमॅटो मर रोगाने गेला. चौघांनीही आपल्या सामाईक खतखड्ड्यातलं खत वापरलं होतं, आणि मेलेली रोपं त्याच खड्ड्यात टाकली जातात. खतामुळेच झालं असं सिद्ध करता येणार नाही, पण रस्ता उघडा आहे, हे नक्की. मोठा ढीग आतून पन्नास-साठ अंशांपर्यंत तापला तर बरेच रोगजंतू मरतात. आपला खड्डा उथळ आहे, हात घातला तर कोमटसुद्धा लागत नाही.

म्हणून माझ्या पाच सूचना. रोगी झाड, पानं, मुळं खतखड्ड्यात टाकायची नाहीत, पिशवीत घट्ट बांधून वेगळी द्यायची. आवारात जाळायचीही नाहीत, धुराचा त्रास दम्याच्या लोकांना होतो. माळीदादांना दोन कात्र्या आणि स्पिरिटची बाटली सोसायटीने द्यायची. पाणी सकाळी, आणि बुंध्याशी, पाइपचा फवारा पानांवर नाही. कोणाला शंकास्पद डाग दिसला तर लपवायचं नाही, ग्रुपवर फोटो टाकायचा. शेजाऱ्याच्या कुंडीत रोग दिसला तर त्याला दोष द्यायचा नाही, मदत करायची. आणि लिंबांचा ठराव दोन पावसाळे पुढे ढकलायचा. पैकी कोपऱ्यातलं, वीजमीटरच्या खोलीमागचं झाड जवळजवळ वाळलं आहे, ते काढायला माझी हरकत नाही. उरलेली सहा आपण नियमाने सांभाळून बघू. छाटणी-फवारणीचा खर्च मी काढून सेक्रेटरींकडे दिला आहे. झाडं तोडून मुळं काढण्याच्या कोटेशनपेक्षा तो बराच कमी आहे. दोन वर्षांनी सुधारणा दिसली नाही, तर ठराव मीच मांडीन.

भाषणानंतर काही प्रश्न आले, त्यांची उत्तरं थोडक्यात देतो.

आंबट ताक फवारलं तर? भुरीसाठी बरेच जण ताक वापरतात. भुरी ही बुरशी आहे. खैऱ्यासाठी मी ताकावर विसंबणार नाही.

ट्रायकोडर्मा चालेल का? ते मुख्यतः मातीतल्या बुरशीविरुद्ध काम करतं. जिवाणूच्या मरसाठी स्यूडोमोनास हे जैविक औषध रोप लावतानाच, पाकिटावरच्या प्रमाणात, मातीत द्यावं. रोप कोमेजल्यावर देऊन उपयोग नाही. आणि स्यूडोमोनास हाही जिवाणूच आहे बरं का. सगळे जिवाणू वाईट नसतात, दही लावणाऱ्यांना हे सांगायला नको.

नवं रोप आणलं की लगेच इतरांत ठेवावं का? नको. दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा, पानांची खालची बाजू पाहत राहा, मग रांगेत घ्या.

या सोसायटीत आपण राहायला आलो तेव्हा आवारात मुरूम आणि विटांचे तुकडे होते. पहिल्या पावसाळ्यात ज्यांनी खड्डे खणून ही लिंबं लावली, त्यांतले तिघे आज आपल्यात नाहीत. त्यांच्या आठवणीसाठी झाडं ठेवा असं मी म्हणत नाही. झाडं बरी राहू शकतात, म्हणून ठेवा असं म्हणतो. छाटणी मेच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सात वाजता. ज्यांना कात्री धरता येते त्यांनी यावं, ज्यांना येत नाही त्यांनी चहा आणावा.